लाल गाडी की गाडी लाल? स्पँग्लिशमधल्या विशेषणांची धमाल!

रेडी? सीटबेल्ट लावा! आज आपला दौरा आहे न्यूयॉर्क, मायामी, बेलीझ, जिब्राल्टर आणि वाटेत आपलं सांताक्रूझसुद्धा. व्हिसा नको, तिकीट नको. फक्त शाळेतले दोन जुने मित्र आठवा: नाम आणि विशेषण.

माहीत आहे का, एकट्या अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक 4 कोटींहून जास्त आहेत? त्यातले कितीतरी जण एकाच वाक्यात स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्ही बोलतात. याला म्हणतात कोड-स्विचिंग, आणि लाडाचं नाव स्पँग्लिश. गंमत म्हणजे या दोन भाषांचं विशेषणाच्या जागेवरून अजिबात पटत नाही. तरी बोलणारे सुसाट बोलतात. कसं? चला, एकेक पाकीट फोडूया.

घर तेच, रंग मागे!

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं घर इंग्लिशमध्ये 'व्हाइट हाउस'. आधी रंग, मग घर. स्पॅनिशमध्ये तेच घर होतं 'ला कासा ब्लांका'. आधी घर, मग रंग. मोरोक्कोतलं कासाब्लांका शहर आठवलं ना? तेही पांढरं घरच!

हॉट डॉग आवडतो? लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मागवा 'पेर्रो कालिएंते'. कुत्रा आधी, गरम नंतर. चव सेम टू सेम.

इंग्लिश विशेषण एकदम थंड

मुलगा असो, मुलगी असो, एक असो, शंभर असोत, इंग्लिशचं 'रेड' ते 'रेड'च. स्पॅनिश विशेषण मात्र नामाच्या तालावर नाचतं. एक लाल गाडी 'कार्रो रोहो', अनेक गाड्या 'कार्रोस रोहोस', एक लाल घर 'कासा रोहा', अनेक घरं 'कासास रोहास'. एका रंगाची चार रूपं!

आपल्याला याचं काय कौतुक? पांढरा सदरा, पांढरी साडी, पांढरं फूल. मराठीत लिंगं तीन, स्पॅनिशमध्ये दोनच. या मॅचमध्ये आपण आघाडीवर!

इंग्लिशमध्येही एक चुकार विशेषण सापडतं बरं का. सोनेरी केसांचा पुरुष आणि सोनेरी केसांची बाई यांच्यासाठी 'ब्लॉन्ड'चं स्पेलिंग वेगवेगळं लिहिण्याची रीत आहे. बाईसाठी शेवटी एक जादा 'ई'. फ्रेंचमधून आलेली ही हौस उच्चारात ऐकूच येत नाही.

नाताळची खास भेट

सगळीच स्पॅनिश विशेषणं लिंग बघून बदलत नाहीत. 'वेर्दे' म्हणजे हिरवा, हिरवी, हिरवं सगळं. 'फेलीस' म्हणजे आनंदी, मग तो असो वा ती. शाळेच्या भाषेत सांगायचं तर लिंगापुरती अविकारी! होसे फेलिसियानोचं 1970 चं 'फेलीस नाविदाद' हे नाताळगीत अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्लिश. त्याच्या नावातला नाताळ स्त्रीलिंगी आहे, पण 'फेलीस'ला काही फरक पडत नाही.

नकाशात लपलेली विशेषणं

माहीत आहे का, अमेरिकेची काही राज्यं म्हणजे नुसती विशेषणं आहेत? नाम गायब, विशेषण हजर!

कोलोराडो म्हणजे लालसर. कोण लालसर? नदी. स्पॅनिशमध्ये 'रिओ' पुल्लिंगी, म्हणून शेवटी 'ओ'. नेव्हाडा म्हणजे बर्फाच्छादित. कोण? 'सिएरा', म्हणजे डोंगररांग, ती स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'आ'. नेव्हाडा 1864 मध्ये राज्य झालं, कोलोराडो 1876 मध्ये. एक 'तो', एक 'ती', आणि रोज इंग्लिशमध्ये त्यांची नावं घेणाऱ्या लाखो लोकांना याचा पत्ताच नाही.

फ्लोरिडाही त्याच रांगेत. 1513 मध्ये स्पेनचा हुआन पोन्से दे लेऑन तिथे ईस्टरच्या सुमारास पोचला. स्पॅनिशमध्ये त्या सणाचं एक नाव 'फुलांची पास्कुआ', म्हणून प्रदेश झाला 'फ्लोरिदा', फुलांनी भरलेली.

आता सुपरहिट जोडी: पुएर्तो रिको आणि कोस्टा रिका. 'श्रीमंत बंदर' आणि 'श्रीमंत किनारा'. विशेषण एकच! बंदर पुल्लिंगी म्हणून 'रिको', किनारा स्त्रीलिंगी म्हणून 'रिका'. व्याकरणाचा अख्खा धडा दोन प्रदेशांच्या पाटीवर.

सांताक्रूझ, उतरा!

वेस्टर्न लाइनवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस, पोर्तुगीजांची देणगी. मुंबईत आहे, पणजीजवळही आहे. 'क्रूझ' हा शब्द पोर्तुगीजमध्येही स्त्रीलिंगी, स्पॅनिशमध्येही. म्हणून 'सांता'. पुल्लिंगी असता तर लोकलची घोषणा वेगळी झाली असती!

जुन्या गोव्यात जा. बॉम जेझुस बॅसिलिका, 1605 मध्ये पवित्र झालेली. येशू पुरुष, म्हणून 'बॉम'. स्त्री असती तर 'बोआ'.

आणि आता बॉम्ब टाकतो. 'बॉम्बे' हे नाव पोर्तुगीज 'बॉम बाहिया', म्हणजे 'छान खाडी' यावरून आलं, असं ऐकलंय ना? घोळ इथेच आहे. खाडी पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी! मग हवं होतं 'बोआ बाहिया'. पोर्तुगीज माणूस आपल्याच भाषेत अशी चूक कशाला करेल? या व्युत्पत्तीवर शंका घेणाऱ्यांचा हा हुकमी एक्का आहे. शहराच्या नावाचं मूळ मुंबादेवीकडे नेणाऱ्यांच्या बाजूने अशी एका विशेषणाने साक्ष दिली.

द द एंजल्स एंजल्स

लॉस एंजेलिसचं नाव लावणारा बेसबॉल संघ माहीत आहे का? 'द लॉस एंजेलिस एंजल्स'. आता 'लॉस' म्हणजेच 'द', आणि 'एंजेलिस' म्हणजेच 'एंजल्स'. म्हणजे संघाचं नाव झालं 'द द एंजल्स एंजल्स'! त्याच शहरातले 'द ला ब्रेआ टार पिट्स' त्याहून भारी. 'ब्रेआ' म्हणजे डांबर, 'टार' म्हणजेही डांबर. दोन भाषा एकत्र राहिल्या की असा डबल धमाका होतोच.

पावसाच्या अंदाजात आपल्या शेतकऱ्यांच्या कानावर पडणारे अल निनो आणि ला निना हेही स्पॅनिशच. 'एल' पुल्लिंगी, 'ला' स्त्रीलिंगी: मुलगा आणि मुलगी. पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला बाळ येशूचं नाव दिलं. हवामान खात्याच्या अंदाजातही लिंगभेद घुसला!

मेन शो: 'रेड कार्रो' की 'कार्रो रेड'?

आता खरा सामना. समजा मायामीतल्या कुणाला एकाच वाक्यात सांगायचंय, 'मी लाल गाडी घेतली'. क्रियापद स्पॅनिश, 'गाडी' स्पॅनिश, पण 'लाल' इंग्लिशमधून उचलायचंय. मग विशेषण कुठे ठेवायचं? इंग्लिश म्हणतं पुढे. स्पॅनिश म्हणतं मागे. 'काँप्रे उन रेड कार्रो' की 'काँप्रे उन कार्रो रेड'?

या एका 'रेड'वरून भाषाशास्त्रात तीन गट पडलेत.

गट पहिला: शाना पोपलॅक. त्यांचं म्हणणं, दोन्ही भाषांचा शब्दक्रम जिथे जुळतो तिथेच सांधा बदलतो. जिथे जुळत नाही तिथे बोलणारा सांधा बदलायचं टाळतो. म्हणजे 'रेड कार' अख्खं इंग्लिश घ्या, नाहीतर 'कार्रो रोहो' अख्खं स्पॅनिश. अर्धं-अर्धं नको.

गट दुसरा: कॅरोल मायर्स-स्कॉटन. 1993 चं त्यांचं पुस्तक नैरोबीतल्या स्वाहिली-इंग्लिश बोलण्यावर उभं आहे. त्यांच्या मते वाक्याला एक मालक भाषा असते, आणि क्रम तिचाच चालतो. क्रियापद स्पॅनिश? मग 'कार्रो रेड'.

गट तिसरा: कात्या कान्तोने आणि जेफ मॅकस्वॉन. ते म्हणतात, विशेषण ज्या भाषेचं, क्रमही त्याच भाषेचा. 'रेड' इंग्लिश? मग ते पुढेच बसणार: 'रेड कार्रो'.

एक शब्द, तीन सिद्धांत, आणि वाद अजून रंगतोय. हा सामना अनिर्णित असला तरी तिन्ही गटांचं एका गोष्टीवर एकमत आहे: बोलणारा मनाला येईल तसं बोलत नाही. नियम आहेच. प्रश्न एवढाच, की कोणता!

1835 उड्या, घसरगुंडी जवळपास शून्य

माहीत आहे का, या सगळ्याचा गाजलेला पुरावा न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधून आला? तिथल्या पोर्तोरिकन वस्तीला लोक 'एल बार्रिओ' म्हणतात, म्हणजे 'मोहल्ला'. पोपलॅक यांनी 20 जणांचं बोलणं टिपलं आणि भाषा बदलल्याच्या 1835 जागा तपासल्या. 1980 मध्ये निबंध आला. त्याचं शीर्षकही इंग्लिशमध्ये सुरू होऊन स्पॅनिशमध्ये संपतं. फुल स्टाइल!

निकाल? व्याकरण मोडणाऱ्या उड्या शोधून सापडणार नाहीत इतक्या कमी. आणि खरा धक्का पुढे. वाक्याच्या पोटात शिरून भाषा बदलणारे कोण होते? ज्यांना दोन्ही भाषा उत्तम येत होत्या ते! ज्यांची एक भाषा कच्ची, ते एखादा सुटा शब्द किंवा लकब टाकून थांबायचे. म्हणजे 'धड एकही भाषा येत नाही म्हणून भेसळ करतात' हा टोमणा सपशेल आडवा. वाक्याच्या मध्यात भाषा बदलणं हे प्रावीण्याचं लक्षण निघालं.

वेल्सचे लोक मायामीत काय करतात?

वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या मार्गारेट ड्यूकर यांच्या चमूने मायामीत स्पॅनिश-इंग्लिश गप्पा रेकॉर्ड केल्या. 84 बोलणारे, सुमारे 35 तासांच्या गप्पा! वेल्सवाल्यांना त्यात काय रस? कारण वेल्श भाषेतही विशेषण नामाच्या मागे येतं. लाल गाडी म्हणजे 'कार कोख': गाडी आधी, लाल नंतर. वेल्श-इंग्लिश बोलणाऱ्यांनाही हेच कोडं रोज पडतं.

रेकॉर्ड केलेल्या गप्पांच्या अशा संग्रहांतून एक भारी गोष्ट कळली. एका भाषेचं विशेषण आणि दुसऱ्या भाषेचं नाम अशी शेजारी-शेजारी जोडी फार कमी वेळा सापडते. लोक ती गल्लीच टाळतात. मग मिसळतात कुठे? आर्टिकलजवळ. 'एल कुकी' म्हणजे स्पॅनिश 'एल' आणि इंग्लिश 'कुकी', हे धडाधड ऐकू येतं. उलटं, म्हणजे इंग्लिश 'द' आणि स्पॅनिश 'गाय्येता' (म्हणजे कुकीच)? क्वचितच. रस्ता वन-वे आहे.

शॉर्टकट सापडला!

विशेषण इंग्लिश हवंय आणि भांडणही नकोय? सोपं. क्रियापदानंतर ठेवा. 'ला कासा एस्ता क्लीन', घर स्वच्छ आहे. इथे 'आहे'नंतर विशेषण, हा क्रम दोन्ही भाषांत सारखाच. पुढे-मागेचा प्रश्नच मिटला! आणि 'क्लीन'ला ना लिंग, ना वचन. स्पॅनिशच्या नियमाने 'लिंपिया' म्हणायचं होतं, पण इंग्लिश शब्द आला की मेळ घालायची सक्तीच सुटते.

रिकी मार्टिनने 1999 मध्ये दुसरा शॉर्टकट जगाला नाचवून दाखवला. 'लिव्हिन ला व्हिदा लोका'! नीट पाहा: क्रियापद इंग्लिश, मग आर्टिकल, नाम, विशेषण असा अख्खा गट स्पॅनिश. आयुष्य स्त्रीलिंगी, म्हणून 'लोका'. पोपलॅक यांचा नियम शीर्षकातच पाळलेला, आणि गाणं अमेरिकेत नंबर वन!

घर पुरुष, ट्रक बाई

इंग्लिश नाम स्पॅनिश वाक्यात आलं की त्याला लिंग द्यावंच लागतं, कारण आर्टिकल आणि विशेषण दोघेही वाट पाहत उभे असतात. बहुतेकदा उत्तर एकच: पुल्लिंग! घर स्पॅनिशमध्ये 'कासा', स्त्रीलिंगी. पण इंग्लिश 'हाउस' आलं की होतं 'एल हाउस'. मायामीच्या संग्रहात 'एल'चंच राज्य आहे.

मज्जा म्हणजे हे नजरेतही दिसतं. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या प्रयोगांत फक्त स्पॅनिश बोलणारे 'एल' किंवा 'ला' ऐकताच त्या लिंगाच्या चित्राकडे बघायला लागतात, पुढचा शब्द यायच्या आत. भाषा मिसळणारे 'ला' ऐकून तसं करतात, पण 'एल' ऐकून नाही. बरोबरच आहे! त्यांच्या जगात 'एल'नंतर काहीही येऊ शकतं.

पण थांबा, नियमाला अपवाद आहे. बास्क आणि स्पॅनिश मिसळणाऱ्यांकडे 'ला'चा जोर दिसतो. बास्क नामांच्या शेवटी येणारा 'आ' स्पॅनिश कानाला स्त्रीलिंगी वाटतो, हे त्याचं एक कारण मानतात.

आणि शब्द पुरता मुरला की पुल्लिंगाची सक्तीही जाते. ईस्ट हार्लेममध्येच 'ला मार्केता' नावाचा प्रसिद्ध बाजार आहे, 1936 पासूनचा. इंग्लिश 'मार्केट' चक्क स्त्रीलिंगी झालं! अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात 'ट्रक'ची झाली 'ला त्रोका'. मराठीत बस, ट्रेन, टॅक्सी, कार, मेट्रो सगळ्या 'ती', पण ट्रक मात्र 'तो'. तिकडे ट्रकही 'ती'!

आपण मराठी माणसं हेच रोज करतो. नवा फोन, नवी कार, नवं ऑफिस. कुठल्या शाळेत शिकवलं? कुठेच नाही. पण 'नवी ऑफिस' म्हणून बघा, चहाच्या टपरीवरही चार जण दुरुस्त करतील. आपलं नशीब एवढं चांगलं, की मराठीत आणि इंग्लिशमध्ये विशेषण नामाच्या पुढेच येतं. क्रमाची भानगड नाही, फक्त मेळ सांभाळायचा.

बेलीझमध्ये 'वॉच करणारे' लोक

मध्य अमेरिकेतल्या बेलीझची राजभाषा इंग्लिश, पण उत्तर भागात स्पॅनिशचा जोर. तिथले लोक 'आसेर', म्हणजे 'करणे' या स्पॅनिश क्रियापदाला इंग्लिश क्रियापद जोडतात. 'वॉच करणे', 'टीच करणे'! ओळखीचं वाटलं? आपणही तिकीट 'कॅन्सल करतो', मीटिंग 'पोस्टपोन करतो'. हजारो मैल दूर, ओळखदेख नाही, तरी युक्ती तीच. मिसळायला बसलं की माणसांना उत्तरंही सारखीच सुचतात.

तिकडे स्पेनच्या टोकाला जिब्राल्टर, 1713 पासून अधिकृतपणे ब्रिटनच्या ताब्यात. तिथल्या स्पॅनिश-इंग्लिश मिसळीचं नाव 'यानितो'. म्हणजे ही मिसळ अटलांटिकच्या दोन्ही काठांवर मिळते!

टॉल्किनच्या आईने काय सांगितलं?

छोटा ब्रेक, फक्त इंग्लिशसाठी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉल्किन सातेक वर्षांचे असताना त्यांनी ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आई म्हणाली, ड्रॅगनला 'ग्रीन ग्रेट' म्हणायचं नाही, 'ग्रेट ग्रीन' म्हणायचं. का? ते पुढे कितीतरी वर्षं याच प्रश्नात अडकले. 1955 च्या एका पत्रात त्यांनी हे लिहून ठेवलंय.

2013 च्या पुस्तकात मार्क फोर्साइथने इंग्लिशची रांग मांडली: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, साहित्य, उपयोग. 2016 मध्ये तो उतारा इंटरनेटवर तुफान फिरला. इंग्लिश बोलणारे अवाक्! आयुष्यभर पाळलेला नियम आपल्याला येतो, हेच त्यांना माहीत नव्हतं.

पुढे-मागे केलं की माणूस बदलतो

स्पॅनिशमध्येही काही विशेषणं पुढे येतात, पण मग अर्थ फिरतो. 'ओम्ब्रे पोब्रे' म्हणजे ज्याच्या खिशात पैसे नाहीत असा माणूस. 'पोब्रे ओम्ब्रे' म्हणजे बिच्चारा! 'ओम्ब्रे ग्रांदे' धिप्पाड, तर 'ग्रान ओम्ब्रे' थोर. स्पॅनिशमध्ये थोर व्हायचं असेल तर विशेषणाला पुढे आणा. आता विचार करा, स्पँग्लिश बोलणारा माणूस हा बारकावाही सांभाळतो आणि वर इंग्लिशचा क्रमही. डोक्यात केवढं ट्रॅफिक, आणि एकही सिग्नल तुटत नाही!

कादंबरी, किहोते आणि कोश

'एस्पांग्लिश' हा शब्द रूढ केला पोर्तो रिकोच्या साल्वादोर तिओ यांनी, 1948 च्या वृत्तपत्रीय लेखात. हेतू? या मिसळीची टर उडवणं. नाव मात्र टिकलं आणि टर उडून गेली.

1998 मध्ये जिआन्निना ब्रास्की यांनी 'यो-यो बोइंग!' ही स्पँग्लिश कादंबरी आणली. 2002 मध्ये इलान स्टावान्स यांनी थेट 'दॉन किहोते'च्या पहिल्या प्रकरणाला हात घातला आणि ते स्पँग्लिशमध्ये उतरवलं. स्पॅनिश साहित्याचा मुकुटमणी! संतापाचा भडका उडाला, आणि स्पँग्लिशवर जोरदार चर्चाही झाली.

मग आली 2014 ची स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशाची 23 वी आवृत्ती. 'एस्पांग्लिश'ला प्रवेश मिळणार म्हणून जल्लोष! पण व्याख्येत म्हटलं होतं, की हे बोलणारे दोन्ही भाषांचे घटक 'विद्रूप करून' मिसळतात. अमेरिकेतल्या भाषातज्ज्ञांनी ठणकावलं: विद्रूप? पुरावा दाखवा! पुरावा तर उलट बाजूचा होता, ईस्ट हार्लेमपासून मायामीपर्यंत टेप भरभरून. अकादमीने तो शब्द काढून टाकला.

तेव्हा घरात पोरं दोन भाषा मिसळून बोलायला लागली, तर लगेच कान पकडू नका. आधी कान द्या. विशेषण कुठे बसवलं, मेळ कशाशी घातला, कुठली गल्ली टाळली, ते ऐका. ज्या नियमांवर विद्वान 40 वर्षं वाद घालतायत, ते तुमच्या डायनिंग टेबलवर बिनचूक पाळले जाताना सापडतील!